सातव्या फळीत

जुल्फारच्या वाळूवर नकाशा नसतो.
उस्ताद खल्फान एक डोळा बारीक करतो,
दोरा ताणतो, तीन विती मोजतो
आणि म्हणतो, इथे.
म्हणजे इथे.

मी रवळू, जैतापुरच्या सुताराचा पोर.
सागाच्या ओंडक्यांबरोबर आलो,
ओंडक्यांसारखाच मोजून उतरवून घेतला गेलो.
महिन्याला दोन लाऱ्या, चांदीची दुमडलेली तार,
आणि खजूर, दात सोसतील तेवढा.

अंगानं बारका, म्हणून मला आत बसवतात,
सांबूकच्या पोटात, वांकांच्या मध्ये.
बाहेर मरहून, आत मी, मधे फळी.
काथ्याच्या दोरानं जहाज शिवायचं.
एक टकटक म्हणजे दोर आला.
दोन म्हणजे ओढ.
तीन म्हणजे थांब, बोट अडकलंय.
हिवाळाभर मरहूनचं तोंड मी फारसं पाहिलं नाही,
पण बायकोशी भांडून आला की
त्याची दुसरी टकटक पहिलीच्या अंगावर पडते.

निम्मी भाषा इथे आयतीच सापडली.
नाखवा इथेही नाखवाच, जरा घशातून.
कलफात म्हणजे कलफात.
बाकीचं, घर, कंटाळा, पोटात दुखतंय,
हातानं सांगतो.

त्या दिवशी सगळ्यांचा रोजा.
माझा नव्हता. पाण्याचं मडकं माझ्या पायाशीच होतं.
पण एवढ्या कोरड्या ओठांसमोर
एकट्यानं गटगट कसं प्यायचं?
दुपारी फळी तव्यासारखी तापली.
सामता फिरत होता, कोळशाचा ठिपका एक होता,
मग दोन झाले,
आणि मी खोटा धरला.
सातवी फळी. पाण्याखाली जाणारी.
भोक बोटभर खाली.

ओरडायला हवं होतं.
पण सागाची आख्खी फळी म्हणजे
माझ्या वर्षभराच्या लाऱ्या, वर उस्तादाचं गप्प बसणं.
मी बोरीची खुंटी तासली.
डिंक, माशाचं तेल, दोन हलके ठोके,
वरून अंगठा फिरवला.
बाहेरून मरहून: एक. दोन.
मी ओढलं.

उन्हाळ्यात सांबूक मोत्यांवर गेला.
अठ्ठावीस माणसं. त्यात मरहूनचा धाकटा भाऊ,
नाकाला शिंगाचा चिमटा लावून बुडी घेणारा,
जाताना मला चिमटा लावूनच हसून दाखवलं त्यानं.
चार महिने मी रात्री पालथा झोपलो,
कान वाळूला लावून,
जणू वाळूला काही कळणार होतं.

परतला तेव्हा माझ्या हिशेबानं नवरात्र असावं.
मी किनाऱ्यावर माणसं मोजली. सत्तावीस.
एक तापानं गेला, म्हणाले.
पाण्यानं नाही ना?
मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा
त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.
धाकटा भाऊ होता, जिवंत,
कानातून रक्त येऊन वाळलेलं.

ओहोटीला सांबूक कुशीवर झोपवला.
चुना आणि बोकडाची चरबी कालवून
मीच पुढे झालो, मी करतो म्हणालो.
कोणी अडवलं नाही, वास कोणाला हवा असतो.
शिंपले खरवडत सातव्या फळीपाशी आलो.
माझी खुंटी तिथेच. फुगून घट्ट,
नख जाणार नाही एवढी.

आणि वीतभर पलीकडे, आठव्या फळीत,
आणखी एक.

ही माझी नव्हती.
सागाचीच, रेघेला रेघ जुळवलेली,
शिंपला सुटताना तेवढी कड दिसली म्हणून दिसली.
अशी रेघ या किनाऱ्यावर
एकच माणूस जुळवतो.

झालं का रे? वरून उस्तादाचा आवाज.
झालं, मी म्हणालो,
आणि दोन्हींवर सारखाच जाड हात फिरवला.

आज नव्या सांबूकची पहिली फळी.
उस्ताद दोरा ताणतो,
एक डोळा बारीक करतो, मग दुसराही,
आणि म्हणतो, इथे.
मी सामता टेकवतो.
केसभर वर.